कूलरवाल्या धर्मपालचा डोंगर

“हवेले जायाले वाट पायजे.”

हे धर्मपालचं बोलणं. दिवसातून दहा वेळा तरी तो ते म्हणायचा, आणि दर वेळी आत्ताच सुचल्यासारखं म्हणायचा. नांदगाव खंडेश्वरच्या बसस्टँडमागे त्याचं कूलरचं दुकान. गिऱ्हाईक तक्रार घेऊन यायचं, कूलर नवा आहे, टाकी भरलेली आहे, पंखा फिरतो, पण खोली थंड होत नाही. धर्मपाल हातातला पाना खाली न ठेवता विचारायचा, “मागची खिडकी उघडी हाये का?” गिऱ्हाईक म्हणायचं, खिडकी उघडली तर थंडाई बाहेर जाईल ना. मग धर्मपाल हसायचा आणि आपलं वाक्य म्हणायचा. जुनी हवा बाहेर गेल्याशिवाय नवी आत येत नाही, एवढीच त्याची विद्या. त्या विद्येवर त्यानं घर बांधलं, पोराला शिकवलं, आणि त्याच विद्येनं एका उन्हाळ्यात त्याला बावीस दिवस फसवलं. ती गोष्ट सांगायला मी, त्याचा जुना मित्र, बसलो आहे. मी सावकाश सांगणार. आमच्या काळ्या जमिनीत पाणी मुरायला वेळ लागतो, तसंच माझं सांगणं.

धर्मपाल तरुणपणी अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात होता. सूत कोरड्या हवेत तुटतं, म्हणून तिथं हवा ओली ठेवावी लागते. ती ओली ठेवणाऱ्या मशिनीवर धर्मपालची नेमणूक. बारा वर्षं तो हवेचीच नोकरी करत होता. डोळे मिटून, तळहात पुढे धरून तो सांगायचा, आज सूत तुटणार की नाही. फोरमन काटा बघायचा, काटा तेच सांगायचा. पुढं त्यानं ती नोकरी सोडली आणि कूलर बांधायला लागला. मार्च ते जून आमच्या वऱ्हाडात त्याच्याइतका हवाहवासा माणूस दुसरा नाही. अंगानं बारीक, पांढरा सदरा, कानावर पेन्सिल. बोलणं कमी. दुकानात बसला की कूलरच्या पाण्याच्या आवाजात त्याचे डोळे अर्धे मिटायचे. तो झोपला आहे की विचार करतो आहे, हे त्याची बायको चंदालाही कळत नसे.

त्याचा एकुलता एक मुलगा ललित. अमरावतीला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून तो सोलरच्या कंपनीत लागला आणि कंपनीनं त्याला लडाखला धाडलं. तिथल्या गावागावांत घरांवर सोलरच्या प्लेटा बसवायच्या. आम्हाला वाटलं, पोरगं थंडीनं सहा महिन्यांत परत येईल. पोरगं आलं नाही. तिथल्या दवाखान्यात नर्स असलेल्या डिस्कित नावाच्या मुलीशी त्याचं जुळलं. मुलगी बौद्ध, हे ऐकून धर्मपालला बरं वाटलं. “बुद्ध एकच हाये,” तो मला म्हणाला, “फक्त त्यायचा उंचावर बसते.”

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात धर्मपाल आणि चंदा मुलगी पाहायला लेहला गेले. दिल्लीहून विमान, तासाभरात लेह. साडेअकरा हजार फूट. पहिल्या दिवशी धर्मपालनं बाजार पाहिला, जर्दाळू खाल्ले, पोराची खोली पाहिली. दुसऱ्या दिवशी त्याला खोकला सुरू झाला. तिसऱ्या दिवशी दहा पावलं चालून तो भिंतीला टेकला आणि त्याच्या छातीतून उकळत्या भांड्यासारखा आवाज यायला लागला. फुप्फुसात पाणी झालं होतं. डिस्कितनंच त्याला दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, आणि पुढच्या विमानानं खाली पाठवलं. मुलीचं गाव लेहच्याही वर, दोन हजार फूट चढून. ते त्यानं पाहिलंच नाही. तिथं मुलीचे आजोबा चहा करून वाट पाहत बसले होते.

त्या आजोबांना सगळे मेमे म्हणतात, म्हणजे त्यांच्या भाषेत आजोबाच. मुलीला आईवडील नाहीत, मेमेनंच तिला वाढवलं. वय ऐंशीच्या पुढं. खाली उतरलं की त्यांना मैदानातली हवा जड लागते, म्हणून ते कधी गाव सोडत नाहीत. त्यांनी ललितला निरोप दिला. लग्न माझ्या अंगणात होईल. मुलीचा हात मी मुलाच्या बापाच्या हातात देईन, मुलाच्या नाही. बाप चालत माझ्या दारात येऊ दे. आजारी बापाला उचलून आणलं तर मी लग्न लावणार नाही, त्याचं मरण माझ्या अंगणात नको.

तारीख ठरली, सहा जुलै. मेमेच्या मनानं त्या तारखेला बाप आला नाही, तर लग्न पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षी मेमे असतील की नाही, हे कोणी बोलत नव्हतं.

अमरावतीची डॉक्टरीण बाई म्हणाली, “एकदा झालं ते परत होऊ शकतं. मी जा म्हणणार नाही. जायचंच असेल तर लेहला आठ दिवस नुसतं बसायचं, गोळ्या घ्यायच्या, आणि खोकला सुरू झाला की त्याच क्षणी खाली.” धर्मपालनं विचारलं, “बाई, इथूनच सवय करून जाता येत नाई का?” बाई म्हणाली, खेळाडू आणि पर्वतावर जाणारे लोक विरळ हवेच्या तंबूत झोपतात, त्यांच्या रक्ताला सवय होते. त्याचा काही उपयोग होतो म्हणतात. पण ते तंबू महाग, आणि इकडे कुठं मिळणार.

परतीच्या बसमध्ये धर्मपाल बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेर तळहात धरून बसला. मग चंदाला म्हणाला, “विरळ हवा म्हंजे हवेतून ऑक्सिजन काढून घ्यायचा. बरोबर?”

“मले काय इचारता?” चंदा म्हणाली. “मी का फोरमन हाओ?”

कोरोनाच्या साथीत गावोगावी लोकांनी ऑक्सिजनच्या मशिनी दिल्या होत्या. साथ गेली, मशिनी पडून राहिल्या. अकोल्याला एका संस्थेच्या गोदामात अशा दहा-बारा बिघडलेल्या मशिनी होत्या आणि दुरुस्तीला त्या धर्मपालकडेच येत. त्यातल्या दोन दुरुस्त होऊन दुकानातच होत्या. संस्थेच्या माणसाला विचारून त्यानं त्या उन्हाळाभर ठेवून घेतल्या.

त्या दिवशी मी दुकानात होतो. त्यानं एक अगरबत्ती पेटवली. मशिनीच्या नळीपुढं धरली, तिचा निखारा लाल होऊन तडतडला. मग मशिनीच्या मागं, जाळीतून फुसफुस करत हवा बाहेर पडते तिथं धरली. निखारा मंद होत गेला आणि नुसती राख राहिली.

“पाह्यलं?” तो म्हणाला. “सारी दुनिया या नळीतून घेते. मशीन मागून जे टाकून देते, ते मले पायजे.”

पुढच्या आठवड्यात त्याच्या घरामागं, कडुनिंबाच्या सावलीत, एक तंबू उभा राहिला. धारणीकडून येणारे बांबू, सोयाबीन झाकायची पारदर्शक ताडपत्री, शिंप्याकडून शिवून घेतलेली लांब चेन. आत एक खाट मावेल एवढीच जागा. दोन्ही मशिनींच्या मागची हवा जाड नळीनं आत सोडलेली. आणि डॉक्टरीण बाईनं फोनवर दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितलेल्या: आत एकट्यानं झोपायचं नाही, बाहेर कोणी तरी जागं पाहिजे. आणि बोटाचा आकडा ऐंशीच्या खाली आला तर तंबू उघडायचा. म्हणून चंदा चेनजवळ पाटावर बसायची. धर्मपालचा एक हात फटीतून बाहेर, बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा, तांबडा आकडा चंदाच्या डोळ्यांपुढं. वेळ दुपारी एक ते चार, कारण तेव्हा दुकान बंद असतं आणि गाव झोपलेलं असतं.

गावानं तंबूचं नाव लडाख ठेवलं. शेजारचे नत्थुजी पाटील, पंचाहत्तरी ओलांडलेले, रोज कुंपणावरून विचारायचे, “काहून रे धर्मपाल, आज लडाखात बरफ पडला का?”

“पडला ना पाटील. तुमच्यासाठी गोळा ठेवला.”

“नको लेका. आमाले इथंच दम लागते, बिनपैशाचा.”

पहिल्या दिवशी तो आत अर्धा तास टिकला. दम लागला म्हणून नाही, उकडलं म्हणून. एप्रिलचा शेवट, त्रेचाळीस अंश, त्यात ताडपत्री. तो बाहेर आला तेव्हा सदरा पिळून काढावा लागला. दुसऱ्या दिवशी त्यानं जे केलं, ते आमच्या भागातला कोणताही माणूस करेल. खाटेच्या पायथ्याशी ताडपत्रीला चौकोन कापून आपला सगळ्यात चांगला कूलर बसवला, वाळ्याच्या जाळीचा. आणि उशाच्या बाजूला मच्छरजाळीची खिडकी ठेवली. कूलर बसवला की त्याचा हात समोर खिडकी केल्याशिवाय थांबत नसे. तीस वर्षांची सवय ती.

मग त्या तंबूत काय झोप लागली म्हणून सांगू. बाहेर पाखरंसुद्धा चोच उघडून बसलेली, रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, आणि आत वाळ्याचा वास, पाण्याची टपटप, गार वारा. धर्मपालला स्वप्नं पडायची. उठला की ती मला सांगायचा, पाण्याचा तांब्या हातात धरून, डोळे अजून अर्धे मिटलेले. एका स्वप्नात कापसाची गंजी होती, आभाळाला लागलेली, आणि तो अनवाणी तिच्यावर चढत होता. पाय बुडत नव्हते. वर मेमे बसले होते आणि त्यांच्यापुढं चहाची किटली वाफाळत होती. दुसऱ्या स्वप्नात बेंबळा नदी उलटी, वरच्या बाजूला वाहत होती, आणि तो तिच्यासोबत तरंगत वर चालला होता, अंगाला कुठं काही टोचत नव्हतं. “इतकं हलकं वाटते,” तो म्हणायचा. “डोंगर असाच असते ना?”

मी म्हणायचो, असाच असेल. मीही डोंगर म्हणजे चिखलदराच पाहिलेला. आमच्यासाठी डोंगर म्हणजे थंड. दुसरा अर्थ आम्हाला ठाऊक नव्हता.

आणि बोटाचा आकडा? सत्त्याण्णव. कधी शहाण्णव. चंदा रोज भिंतीवरच्या कॅलेंडरात तो लिहायची. कोरोनात अख्ख्या तालुक्यानं एकच परीक्षा शिकली होती, सत्त्याण्णव म्हणजे पास, नव्वद म्हणजे अमरावतीची गाडी. त्यामुळे धर्मपाल आत लडाखात तीन-तीन तास झोपतो आणि तरी सत्त्याण्णववर असतो, ही बातमी बसस्टँडभर झाली. मीच ती चार जणांना सांगितली. नत्थुजींनी त्याला बोलावून दुधाचा चहा पाजला. “छाती हाये बुवा,” म्हणाले, “मिलमधलं लोखंड खाल्लेली.”

बावीस दिवस असे गेले. धर्मपालच्या चालीत फरक पडला. तो थोडा ताठ चालायला लागला. चंदानं लग्नासाठी पांढरी साडी घेतली आणि त्याच्यासाठी नवा सदरा शिवायला टाकला.

रविवारी दुपारी ललितचा व्हिडिओ कॉल आला. धर्मपाल आत होता, चंदानं फोन चेनच्या फटीपुढं धरला. पडद्यावर ललित, आणि त्याच्या बाजूला डिस्कित. ललितकडून ती मराठी शिकली होती, म्हणजे आमचीच मराठी, त्यामुळे लडाखची पोरगी वऱ्हाडी बोलायची आणि आम्ही दर वेळी हसायचो.

“जय भीम बाबा. कसे हाये तुमी?”

“मस्त. आकडा पाह्य.” धर्मपालनं बोट पुढं केलं. सत्त्याण्णव.

डिस्कित पडद्याजवळ सरकली. “किती वेळ झाला आत जाऊन?”

“दीड तास.”

“रोज इतकाच येते?”

“कधी शहाण्णव,” चंदा म्हणाली. तिला वाटलं, कौतुक होणार.

डिस्कितनं फोन ललितच्या हातात दिला, आपल्या बोटाला चिमटा लावला आणि तो पडद्यापुढं धरला. त्यावर नव्वद होता. “मी इथं जन्मली बाबा. माहा नव्वद येते. मेमेचा सत्त्याऐंशी. तुमचा सत्त्याण्णव कुठून आला?”

धर्मपालनं बोटाचा चिमटा काढून पुन्हा लावला. कूलरचा आवाज तेवढा होता.

“हा आवाज कशाचा हाये?” डिस्कितनं विचारलं.

“कूलर,” धर्मपाल म्हणाला.

“आत?”

“आत.”

ती रागावली नाही, हे मी मुद्दाम सांगतो. ती नर्स होती, तिनं आवाज मऊ केला. “बाबा, मग तुमी इकडे आलेच नाही अजून. तुमी घरीच झोपून राहिले.”

धर्मपाल तंबूतून बाहेर आला. त्यानं पायथ्याच्या कूलरकडं पाहिलं आणि उशाच्या जाळीकडं पाहिलं. तळहात जाळीपुढं धरला. मशिनींतून येणारी सगळी विरळ हवा कूलरच्या वाऱ्यासोबत त्या जाळीतून बाहेर चालली होती, आणि आत नांदगावची चांगली, भरलेली, ओली हवा येत होती. ज्या माणसानं डोळे मिटून हवा ओळखली, त्याला बावीस दिवस ती ओळखू आली नाही, कारण ती गार होती.

“मीच वाट ठेवली ना,” तो म्हणाला. एवढंच.

त्या संध्याकाळी दुकान उघडलं नाही. नत्थुजी कुंपणाशी आले, खोकून परत गेले. चंदा मात्र बोलली. तिचा राग आधी तोंडात येतो, मग भीती. “निघायले राह्यले तीस दिवस. आता मुकाट घरी बसा. पोराचं लगन पुढच्या साली करू. म्हातारा राह्यला तं राह्यला.”

“तो म्हातारा चहा करून बसला होता चंदे.”

“मंग?”

“मंग काई नाई. तो वाट पाहून राह्यला अन मी खाली पळून आलो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं उशाची जाळी शिवून टाकली आणि पायथ्याचा चौकोन ताडपत्रीच्या ठिगळानं बंद केला. आता आत गारवा कसा न्यायचा? हवा न नेता. तो दिवसभर कडुनिंबाखाली बसून होता, कानावरची पेन्सिल हातात, कागद कोरा. दुपारच्या एसटीनं मी अमरावतीला गेलो, परत आलो, तो तिथंच. संध्याकाळी तो उठला आणि बाजारातून तुरीची रिकामी पोती घेऊन आला. ती पोती त्यानं ताडपत्रीवर बाहेरून पांघरली, वरून ठिबकची नळी सोडली, पोती ओली राहतील अशी. आणि कूलरचा वारा आत नाही, त्या ओल्या पोत्यांवर बाहेरून सोडला. आयुष्यभर तो माणसाला खोलीत आणि कूलरला खिडकीत बसवत आला होता. आता माणूस टाकीतल्या पाण्यासारखा आत, आणि वारा त्याच्या चारी बाजूंनी फिरणारा. ताडपत्री गार व्हायची, आतली हवा हलायची नाही. थंडाई नव्हती, पण जीव राहायचा.

पहिल्या दुपारी चंदा पाटावर बसली, मी तिच्या बाजूला. मशिनी सुरू झाल्या. सत्त्याण्णव. चौऱ्याण्णव. एक्क्याण्णव. आकडा विहिरीत सोडलेल्या दोरासारखा उतरत गेला. अठ्ठ्याऐंशीवर धर्मपाल म्हणाला, “डोकं जड होऊन राह्यलं.” चौऱ्याऐंशीवर त्याच्या बोटाचं नख निळसर दिसायला लागलं. चंदाचा हात चेनवर होता. ब्याऐंशीला तिनं विचारलं नाही, चेन ओढली.

“अवो, ऐंशीपर्यंत चालते म्हणे बाई,” तो आतून म्हणाला.

“बाईले चालते. मले ब्याऐंशी चालते.”

त्यावर कोणाचं काही चाललं नाही. ब्याऐंशी हा चंदाचा आकडा ठरला.

त्या महिन्यातल्या दुपारी मी विसरणार नाही. ओल्या पोत्यांचा वास, तुरीचा आणि मातीचा. कूलरची घरघर. चेनपाशी पोती न टाकलेल्या पारदर्शक ताडपत्रीमागं धर्मपाल पाण्याखाली झोपल्यासारखा दिसायचा. त्याला झोप लागली की श्वास थांबायचा. चंदा मोजायची, सात, आठ, नऊ, दहा. मग तो एकदम भरभर श्वास घ्यायचा, चार-पाच वेळा, आणि पुन्हा थांबायचा. पहिल्यांदा तिनं तंबूच फाडायला घेतला होता. डॉक्टरीण बाई फोनवर म्हणाली, उंचावर सगळ्यांचं असंच होतं, आकडा पाहत राहा. मग चंदा आकडा पाहत राहिली. रोज तीन तास, पापणी न लववता, भाजी निवडणं नाही, फोन नाही. तिचे डोळे तांबडे झाले. लोक म्हणतात धर्मपालनं तपश्चर्या केली. मी पाहिलं आहे, दोघांनी केली.

स्वप्नं बदलली. आता त्यात कापूस नव्हता. एक सपाट रस्ता असायचा, पांढऱ्या उजेडाचा, आणि पुढं त्याचे वडील चाललेले, खांद्यावर कुदळ. तो नोकरीला लागायच्या आधीच ते वारले होते. धर्मपाल हाक मारायचा, हाक तोंडातून निघायची आणि हवेत कुठं लागायचीच नाही. वडील मागं पाहायचे नाहीत, पण पाऊल हळू करायचे. इतकं हळू की एका पावलाला एक दुपार. “मग मीबी हळू केलं,” तो मला म्हणाला. “मग दोघं बरोबरीनं चाललो. बोललो नाई काही.” त्याचं वजन चार किलोनं उतरलं. पण कॅलेंडरात दुसऱ्याच गोष्टी दिसायला लागल्या. पहिल्या आठवड्यात तासाभरात चौऱ्याऐंशी. दुसऱ्यात शहाऐंशी. जूनच्या मध्याला दोन तासांनंतर अठ्ठ्याऐंशी, आणि डोकं जड नाही. या वेळी कोणी बसस्टँडवर सांगितलं नाही. डिस्कितला मात्र रोज फोटो जायचा, आणि तिचं उत्तर यायचं, “बरं हाये. अजून हळू.”

वीस जूनला आम्ही निघालो. धर्मपाल, चंदा आणि मी. नत्थुजींनी कुंपणावरून एक पिशवी दिली, त्यात भाजलेले हरभरे. “मेमेले दे,” म्हणाले. “म्हनावं, इकडेबी एक म्हातारा हाये.”

लेहला धर्मपाल आठाच्या जागी बारा दिवस खरंच नुसता बसला. खोलीच्या खिडकीत खुर्ची, गोळ्या, कोमट पाणी, समोर उघडे डोंगर. खोकला आला नाही. रोज सकाळी डिस्कित त्याच्या छातीला कान लावायची आणि हसून जायची. आजारी पडलो मी. मला तंबूची गरज वाटली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून माझं डोकं असं ठणकायला लागलं की मी भिंतीकडं तोंड करून पडलो. चंदाला काहीच झालं नाही. ती सकाळ-संध्याकाळ बाजारात जाऊन जर्दाळूचा भाव करायची. “मी तं बाहेर बसून बसूनच तयार झाली,” म्हणायची.

सहा जुलैला जीप आम्हाला वर घेऊन गेली. सातूची हिरवी शेतं, कडेनं उंच सरळ झाडं, आणि आभाळ इतकं निळं की डोळ्यांना जड वाटावं. एका लाकडी पुलापाशी रस्ता संपला. पलीकडं पायवाट, दगडी बांधांमधून वळत वर जाणारी, अर्ध्या तासाची चढण. वर पांढरं घर, गच्चीवर रंगीत पताका. अंगणात खूप माणसं होती, आणि त्यांच्या पुढं, जमिनीवर अंथरलेल्या गालिच्यावर, कोणीतरी एकटं बसलेलं दिसत होतं.

दोन घोडे पुलापाशी उभे होते, एक चंदाच्या गुडघ्यांसाठी, एक माझ्या डोक्यासाठी. तिसरा घोडा ललितनं सांगितला नव्हता. नवरदेवाच्या कपड्यात तो खाली आला होता आणि त्याच्या पाठीवर एक पिशवी होती. पिशवीत ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर होता, हे मला ठाऊक होतं, चंदाला ठाऊक होतं, आणि मला वाटतं धर्मपाललाही ठाऊक होतं. डिस्कितनं पुलापाशी पाठवलेली तिची मैत्रीण आली, तिनं धर्मपालच्या बोटाला चिमटा लावला. पंच्याऐंशी. तिनं मान हलवली, जा.

“तुमी पुढं व्हा,” चंदा म्हणाली. “आमी घोड्यावरून येतो मागून.”

“घाई नको करू,” धर्मपाल म्हणाला.

“मी कायले घाई करू? म्या का लगन लावाचं हाये?”

तो हसला. सदऱ्याच्या बाह्या नीट केल्या आणि पुलावर चढला. पुलाच्या फळ्या त्याच्या पावलाखाली वाजल्या, एकेक, मधल्या वेळेत खालून पाण्याचा आवाज येत होता. पलीकडं गेल्यावर तो चढायला लागला. तीन पावलं, थांबणं. तीन पावलं, थांबणं. ललित त्याच्या दहा हात मागं, पिशवीचा पट्टा मुठीत धरून. पहिल्या वळणावर धर्मपाल जास्त वेळ थांबला, बांधाला हात टेकला, आणि चंदानं माझं मनगट धरलं. ललित पुढं सरकला. धर्मपालनं मागं न पाहता हात हलवला, तिथंच थांब. मग पुन्हा तीन पावलं.

वर अंगणात तो एकटा माणूस उठून उभा राहिला होता. तिथून तो उतरला नाही, नुसता उभा राहिला. खाली पुलापाशी मी डोकं धरून होतो, जीपवाला स्टिअरिंगवर हनुवटी टेकून, आणि चंदा घोड्याच्या बाजूला, घोड्यावर न बसता. घोडेवाला दोनदा म्हणाला, चला. ती हलली नाही. पांढरा सदरा दुसऱ्या वळणापाशी गेला, झाडांच्या सावलीत शिरला, पलीकडून बाहेर आला आणि वर चालत राहिला, आणि ती त्याच्याकडे पाहत राहिली.